साम्बा बसवताना क्रम चुकवू नका: सोलापूरच्या छोट्या कचेऱ्यांसाठी फाइली आणि प्रिंटर जोडण्याची सविस्तर पद्धत

अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, चाटी गल्लीतली कापडाची पेढी असो की नवी पेठेतले डीटीपीचे दुकान, तक्रार एकच ऐकू येते: लिनक्सच्या मशीनवर साम्बा (लिनक्सवरच्या फाइली आणि प्रिंटर विंडोजमधून वापरू देणारा प्रोग्राम) टाकला, पण विंडोजमधून फोल्डर उघडत नाही. मग कुणीतरी सल्ला देतो की सगळ्या परवानग्या ७७७ करा (म्हणजे सगळ्यांना सगळे मोकळे), पासवर्ड काढून टाका, विंडोजमध्ये एसएमबी१ (फाइली वाटण्याच्या एसएमबी या पद्धतीची जुनी आवृत्ती) चालू करा. त्या दिवशी काम भागते. पुढे विंडोज ११ चा २४एच२ अपडेट येतो आणि फोल्डर पुन्हा बंद पडतो. त्याहून वाईट म्हणजे एका मशीनवर शिरलेला रॅन्समवेअर सर्व्हरवरची सगळी बिले कूटबद्ध करून ठेवतो, कारण त्याला अडवणारे काहीच शिल्लक ठेवलेले नसते.

साम्बावरून एक फाइल उघडते तेव्हा नेटवर्क, फायरवॉल, साम्बाचा युजर, शेअरचे (वाटलेल्या फोल्डरचे) नियम आणि लिनक्सची परवानगी या पाचही थरांनी हो म्हणावे लागते. पाचही एकदम मांडून शेवटी विंडोजमधून तपासले की नेमका कोणता थर अडवतो आहे ते कळत नाही. म्हणून खालचा प्रत्येक टप्पा पुरा करून, त्याची तपासणी करून मगच पुढे जा.

उदाहरणासाठी एक कचेरी धरू: उबुंटू असलेला एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून, हिशेबाची दोन विंडोज मशीन, नक्षी काढणाऱ्याचा मॅक, मालकांचा लॅपटॉप, एक लेझर प्रिंटर आणि बिलांसाठी एक डॉट मॅट्रिक्स. लेखातल्या कमांड, फाइलींची नावे आणि आकडे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे आहेत. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

## टप्पा १: आधी कागदावर तक्ता

संगणकाला हात लावण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखा: फोल्डर, त्यात लिहू शकणारे, फक्त वाचू शकणारे. आपल्या उदाहरणात तीन फोल्डर पुरतात. 'हिशेब' मालक आणि हिशेबाच्या दोघांसाठी, 'नक्षी' मालक आणि डिझाइनरसाठी, 'सामाईक' सगळ्यांसाठी. दर माणशी एक फोल्डर काढू नका. वर्षभरात ते इतके वाढतात की कुणाला काय दिसते हे मालकांनाही सांगता येत नाही.

प्रत्येक माणसाला एकच युजर द्या आणि तो युजर हव्या त्या ग्रुपांत घाला. एका माणसाला 'हिशेब'साठी एक आणि 'नक्षी'साठी दुसरा असे दोन युजर दिले तर विंडोज एका लॉगिनमधून एकाच सर्व्हरला दोन वेगवेगळ्या नावांनी जोडू देत नाही. ही अडचण पुढे फार छळते, ती इथेच टाळता येते.

युजर, ग्रुप आणि शेअर यांची नावे इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा. आतल्या फाइलींची नावे मराठीत खुशाल ठेवा.

इशारा: हे काम महिन्याच्या १० ते २० तारखांच्या दरम्यान काढू नका. जीएसटीआर-१ साठी ११ आणि ३बी साठी २० तारीख डोक्यावर असताना हिशेबाचे मशीन दोन तास बंद ठेवणे कुणालाच परवडत नाही.

## टप्पा २: जागा, वीज आणि पत्ता

सर्व्हर लूमच्या शेडमध्ये ठेवू नका. सुताचे बारीक तंतू पंख्यात अडकतात आणि एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की पत्र्याखालचे मशीन तापून आपोआप बंद पडते. कचेरीतली भिंतीकडेची, हवा खेळती राहील अशी जागा निवडा. यूपीएसवर सर्व्हर, राउटर आणि स्विच असे तिन्ही घ्या. वीज गेल्यावर सर्व्हर चालू राहिला आणि स्विच बंद पडला तर उघडी असलेली फाइल अर्धवट राहायची ती राहतेच. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती चालू करा.

सर्व्हर केबलने जोडा, वाय-फायवर ठेवू नका. मग राउटरच्या पानावर जाऊन सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) एक आयपी राखून ठेवा. आपण १९२.१६८.१.१० धरू. ही पायरी गाळली तर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू शकतो आणि सगळ्या मशीनवरचे मॅप केलेले ड्राइव्ह एकदम तुटतात.

कारखान्यांत हमखास सापडणारी एक गोष्ट म्हणजे सिग्नल पोहोचत नाही म्हणून मागच्या बाजूला लावलेला दुसरा राउटर. तो स्वतःचे वेगळे नेटवर्क तयार करतो. पुढच्या मशीनांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते आणि मागच्यांना १९२.१६८.० ने सुरू होणारे मिळत असतील, तर हेच झाले आहे असे समजा. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. पाहुण्यांसाठीचे गेस्ट वाय-फायही मशीनांना एकमेकांपासून तोडते, कामाची मशीन त्यावर ठेवू नका.

तपासणी: प्रत्येक मशीनवरून १९२.१६८.१.१० ला पिंग करा. एखादे मशीन पोहोचत नसेल तर तेवढ्यावरच थांबा. पुढचे काहीही केले तरी ते जोडले जाणार नाही.

## टप्पा ३: डिस्क, फोल्डर आणि लिनक्सच्या परवानग्या

घाई इथेच होते, आणि बहुतेक बिघाडांचे मूळही इथेच सापडते.

डेटासाठी वेगळी डिस्क असेल तर ती ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. विंडोजवरून काढलेली एनटीएफएस डिस्क जशीच्या तशी लावली तर परवानग्या बदलण्याच्या नेहमीच्या कमांड तिच्यावर एरवी परिणामच करत नाहीत, आणि माणूस तासभर साम्बाची सेटिंग चाळत बसतो. डेटा आधी दुसरीकडे उतरवून घ्या, मग फॉरमॅट करा.

डिस्कवर नुसते क्लिक करून ती माउंट करू (जोडू) नका. उबुंटू ती /मीडिया मध्ये, तुमच्या एकट्याच्या नावाखाली उघडते आणि इतर युजरांना तिथे प्रवेश नसतो. एफएसटॅब फाइलमध्ये (मशीन चालू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, देऊन ती /एसआरव्ही/साम्बा या ठिकाणी कायमची माउंट करा आणि 'नोफेल' हा पर्याय जोडा, म्हणजे डिस्क बिघडली तरी मशीन चालू होईल.

आता डिस्क माउंट असतानाच तिच्या आत 'हिशेब', 'नक्षी' आणि 'सामाईक' हे फोल्डर करा. त्यामुळे कधी डिस्क माउंट झाली नाही तर आतले फोल्डर दिसणारच नाहीत आणि विंडोजवर लगेच चूक दिसेल. शेअरचा फोल्डर हाच माउंटची जागा केला तर डिस्क नसतानाही तो रिकामा उघडतो, लोक त्यात फाइली टाकत राहतात आणि सिस्टिमची छोटी डिस्क गुपचूप भरत जाते.

शेअर तुमच्या होम फोल्डरमध्ये करू नका. उबुंटू २१.०४ पासून होम फोल्डर इतरांना बंद असतो. आतल्या फोल्डरला कितीही परवानगी दिली तरी वाटेतला फोल्डर अडवतो.

ग्रुप आणि युजर तयार करा (सुरुवातीचा 'सुडो' म्हणजे कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवणे):

सुडो ग्रुपॲड हिशेब

सुडो युजरॲड -एम -एस /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन लेखा१

पहिल्या पर्यायातले एम मोठे. त्यामुळे होम फोल्डर तयार होत नाही आणि नोलॉगिनमुळे हा युजर सर्व्हरवर थेट लॉगिन करू शकत नाही. मग त्याला ग्रुपमध्ये घाला:

सुडो युजरमॉड -एजी हिशेब लेखा१

इशारा: इथे ए लहान आणि जी मोठे, आणि दोन्ही हवेत. ए विसरलात तर तो युजर बाकीच्या सगळ्या जोड ग्रुपांतून बाहेर फेकला जातो. ही कमांड स्वतःच्या नावावर चालवताना ए राहिला तर पुढच्या लॉगिनपासून तुमचा सुडोचा अधिकारही जातो.

आता फोल्डरचा ग्रुप आणि परवानगी:

सुडो सीएचजीआरपी हिशेब /एसआरव्ही/साम्बा/हिशेब

सुडो सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/साम्बा/हिशेब

शेवटचे ७७० म्हणजे फोल्डर ज्या युजरच्या नावावर आहे त्याला आणि ग्रुपला सगळे, बाकीच्यांना काही नाही. पुढचा २ महत्त्वाचा आहे. तो असला की या फोल्डरमध्ये कुणीही केलेली फाइल आपोआप 'हिशेब' ग्रुपची होते. तो नसला की लेखा१ ने केलेली फाइल त्याच्या स्वतःच्या ग्रुपची राहते आणि लेखा२ बाहेर पडतो. बाकीच्या दोन फोल्डरांचेही असेच करा. 'सामाईक'साठी सगळे युजर असलेला एक ग्रुप काढा.

तपासणी: साम्बा अजून बसवलेलासुद्धा नाही, तरी परवानगी आत्ताच तपासता येते:

सुडो -यू लेखा१ टच /एसआरव्ही/साम्बा/हिशेब/चाचणी

फाइल तयार झाली पाहिजे. हीच कमांड डिझाइनरच्या नावाने चालवा, ती नाकारली गेली पाहिजे. दोन्ही निकाल बरोबर आले तरच पुढे चला. इथे ७७७ करून मोकळे होण्याचा मोह टाळा. मग पुढे कोणता नियम खरोखर लागू आहे हे तपासायला साधनच उरत नाही.

## टप्पा ४: साम्बा आणि त्याचे पासवर्ड

सुडो ॲप्ट इन्स्टॉल साम्बा एसएमबीक्लायंट

एसएमबीक्लायंट हे वेगळे पॅकेज आहे, तपासणीसाठी ते लागणारच.

साम्बाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा साठवला जातो. लिनक्समध्ये युजर केला म्हणून तो साम्बात येत नाही, आणि लिनक्समध्ये नसलेला युजर साम्बात करता येत नाही. क्रम म्हणून आधी टप्पा ३, मग हे:

सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए लेखा१

तपासणी: 'सुडो पीडीबीएडिट -एल' चालवा, एल मोठे. तक्त्यातली सगळी नावे यादीत दिसली पाहिजेत.

सगळ्यांना एकच पासवर्ड देऊ नका. उद्या कुणी फाइल पुसली तर कुणाच्या नावाने पुसली गेली, हे नोंदीवरून ठरवण्यात मग काही अर्थ उरत नाही.

## टप्पा ५: एसएमबी.कॉन्फ

साम्बाच्या सेटिंगची फाइल आहे /ईटीसी/साम्बा/एसएमबी.कॉन्फ. बदल करण्याआधी तिची एक प्रत दुसऱ्या नावाने ठेवा.

सर्वांत वर ग्लोबल विभाग असतो. उबुंटू आणि डेबियनमध्ये त्यात 'मॅप टू गेस्ट' याची किंमत 'बॅड युजर' अशी येते. युजरचे नाव चुकले की साम्बा त्या माणसाला मुकाट्याने पाहुणा मानतो आणि विंडोज भलताच संदेश दाखवते. ती किंमत 'नेव्हर' करा. चूक झाली तर ती चूक म्हणूनच दिसू द्या. तिथेच 'होस्ट्स अलाउ' मध्ये १९२.१६८.१. आणि १२७. एवढेच लिहा, शेवटच्या टिंबासकट.

फाइलच्या तळाशी शेअर:

[हिशेब]
पाथ = /एसआरव्ही/साम्बा/हिशेब
व्हॅलिड युजर्स = @हिशेब
रीड ओन्ली = नो
क्रिएट मास्क = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०

शेवटच्या दोन ओळी गाळू नका. काहीच न लिहिल्यास क्रिएट मास्क ०७४४ धरला जातो. म्हणजे फाइल करणारा ती बदलू शकतो आणि ग्रुपमधले बाकीचे फक्त वाचू शकतात. 'माझी एक्सेलची फाइल दुसऱ्याच्या मशीनवर फक्त रीड-ओन्ली उघडते' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

इशारा: ओळीच्या शेवटी # लावून टीप लिहू नका. साम्बा # किंवा ; ओळीच्या सुरुवातीला असेल तरच ती टीप मानतो. मधे लिहिलेली टीप किमतीचाच भाग होते आणि पाथ चुकतो.

एकच डेटा फाइल अनेक मशीन एकाच वेळी उघडून लिहितात अशी हिशेबाची प्रणाली असेल, तर तिच्यासाठी वेगळा शेअर करा आणि त्यात 'ऑपलॉक्स = नो' व 'लेव्हल२ ऑपलॉक्स = नो' लिहा. ऑपलॉकमुळे क्लायंट मशीन फाइलचा भाग स्वतःकडे धरून ठेवते. नेटवर्क मधेच तुटले तर अशा फाइलींना त्याचा धोका असतो. बाकीच्या शेअरांवर हे करू नका, वेग उगाच कमी होईल. वेग वाढवण्याच्या नावाखाली व्हिडिओंत सुचवलेले 'सॉकेट ऑप्शन्स' तर नकोतच. आजचे लिनक्स ते बफर स्वतः जुळवून घेते, हाताने आकडे घातले की बऱ्याचदा वेग घटतो.

नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. शेअरमध्ये 'व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = रिसायकल' ही ओळ आणि 'रिसायकल:कीपट्री = येस' लिहिले की पुसलेल्या फाइली शेअरमधल्याच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये राहतात. कचेरीत मॅक असेल तर ग्लोबल विभागात 'कॅटिया', 'फ्रूट' आणि 'स्ट्रीम्स_एक्सॅटर' ही तीन मॉड्यूल 'व्हीएफएस ऑब्जेक्ट्स'च्या ओळीत याच क्रमाने लिहावी लागतात. मात्र शेअरमधली व्हीएफएसची ओळ ग्लोबलमधल्या ओळीत भर घालत नाही, तिची जागा घेते. म्हणून रिसायकल वापरणाऱ्या शेअरमध्ये चारही नावे एकाच ओळीत पुन्हा लिहा.

तपासणी: 'टेस्टपार्म' चालवा. अनोळखी शब्द सापडल्यास तो सांगतो. साम्बा मात्र असा शब्द ओलांडून चालूच राहतो, म्हणून स्पेलिंगची चूक दुसरीकडे कुठेच ठळक दिसत नाही. सगळे ठीक असेल तर:

सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी

## टप्पा ६: आधी सर्व्हरवरूनच उघडून पाहा

विंडोजकडे जायची घाई अजून नको. सर्व्हरवरच टर्मिनलमध्ये:

एसएमबीक्लायंट //लोकलहोस्ट/हिशेब -यू लेखा१

यू मोठे. आत गेल्यावर 'पुट' ने एखादी छोटी फाइल टाका आणि 'डेल' ने पुसा. अडले तर संदेश नीट वाचा, तोच थर सांगतो. 'लॉगऑन फेल्युअर' म्हणजे साम्बाचा पासवर्ड किंवा युजर, टप्पा ४. 'ॲक्सेस डिनाइड' म्हणजे व्हॅलिड युजर्स किंवा फोल्डरची परवानगी, टप्पा ३ किंवा ५. 'बॅड नेटवर्क नेम' म्हणजे शेअरचे नाव चुकले किंवा पाथ अस्तित्वातच नाही, बहुधा डिस्क माउंट नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे सेवा चालूच झालेली नाही.

यानंतर फायरवॉल:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी ॲप साम्बा

शेवटच्या साम्बातला एस मोठा, कारण ते प्रोफाइलचे नाव आहे.

इशारा: घरून फाइल पाहता यावी म्हणून राउटरवर साम्बाचा ४४५ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका. २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय विंडोजच्या एसएमबी१ मधल्या दोषातून पसरला आणि त्याच महिन्यात साम्बातही दूरून कोड चालवता येईल असा गंभीर दोष जाहीर झाला होता. बाहेरून यायचे असेल तर व्हीपीएन (आतल्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट) वापरा.

## टप्पा ७: विंडोज, मॅक आणि मोबाईल

विंडोजवर नेटवर्क प्रोफाइल 'प्रायव्हेट' आहे ना ते पाहा. विंडोज आणि आर ही बटणे दाबून \\१९२.१६८.१.१०\हिशेब असे लिहा. नाव-पासवर्ड विचारला की युजर आणि साम्बाचा पासवर्ड द्या. इथे विंडोजचा पिन चालत नाही. मशीन मायक्रोसॉफ्टच्या ईमेल खात्यावर असेल तर विंडोज आधी तेच नाव पाठवते. अशा वेळी 'दुसरे खाते वापरा' निवडून सर्व्हरचे नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि मग युजर असे लिहा.

एकदा चुकीचा पासवर्ड 'लक्षात ठेवा' म्हणून जतन झाला की विंडोज तोच पुन्हा पुन्हा पाठवत राहते. कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून ती नोंद काढा. एकाहून अधिक युजरनावांनी जोडता येत नाही असा संदेश आला तर 'नेट यूज * /डिलीट' चालवून जुन्या जोडण्या तोडा.

'नेटवर्क'च्या खिडकीत सर्व्हर दिसत नाही म्हणून पुष्कळजण एसएमबी१ चालू करतात. ते करू नका. जुनी यादी एसएमबी१ वर अवलंबून होती. विंडोज १० ने २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून आणि साम्बाने ४.११ पासून ते मुळातच बंद ठेवले आहे. यादीत दिसणे आणि फोल्डर उघडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आयपीने उघडत असेल तर काम झाले. यादीत दिसायलाच हवा असेल तर सर्व्हरवर 'डब्ल्यूएसडीडी' हे पॅकेज बसवा आणि फायरवॉलमध्ये फक्त आतल्या नेटवर्कसाठी यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ उघडा.

विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये प्रो आवृत्तीवर एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावरची सही तपासणे) सक्तीचे झाले आणि बिनपासवर्डाचा पाहुणा प्रवेशही अडवला जातो. वरच्या पद्धतीने खरा युजर केला असेल तर तुम्हाला काहीच बदलावे लागत नाही. ज्यांनी 'गेस्ट ओके' वर काम चालवले त्यांचीच मशीन या अपडेटनंतर अडली.

जुने फोटोकॉपी मशीन स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकते आणि त्याला फक्त एसएमबी१ येते, असेही होते. एका मशीनसाठी सगळा सर्व्हर मागे नेऊ नका. त्याचे स्कॅन ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या.

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून एसएमबी://१९२.१६८.१.१०/नक्षी लिहा. लिनक्स डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरमध्येही हाच पत्ता चालतो. मोबाईलवर एसएमबी येणारे कोणतेही फाइल मॅनेजर ॲप घ्या.

मराठी नावांबद्दल एक गोष्ट जपा. ईएक्सटी४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एक बाइट घेते, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे हाती उरतात फक्त ८५ चिन्हे. व्यापाऱ्याचे पूर्ण नाव, मालाचा तपशील आणि तारीख असे लांबलचक नाव विंडोजवर चालते आणि सर्व्हरवर टाकताना नाकारले जाते, कारण विंडोज बाइट मोजत नाही. शिवाय मॅक किंवा लिनक्सवरून नावात : किंवा ? घातले तर ते नाव विंडोजवर ओळखू न येणाऱ्या आखूड रूपात दिसू शकते.

तपासणी: लेखा१ ने विंडोजवरून केलेली फाइल लेखा२ च्या मशीनवर उघडून, बदलून जतन करा. मग डिझाइनरच्या मॅकवरून 'हिशेब' उघडण्याचा प्रयत्न करा, तो अडला पाहिजे.

## टप्पा ८: प्रिंटर

फाइली नीट चालू लागल्याशिवाय प्रिंटरला हात लावू नका. आणि प्रिंटर आधी सर्व्हरवरूनच छापू द्या. लिनक्समध्ये छपाईचे काम कप्स करते. त्याचे पान सर्व्हरवरच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ वर उघडते.

मॉडेल आधी तपासा. एचपी लेझरजेट १०२० सारख्या प्रिंटरला एचपीलिपबरोबर (एचपीचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर) कंपनीचे वेगळे प्लगइन लागते, ते नसेल तर काम रांगेत जाते आणि कागद येत नाही. कॅनन एलबीपी२९०० कंपनीची स्वतःची कॅप्ट भाषा बोलतो, पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या नेहमीच्या भाषा नाही. लिनक्सवर तो बसवणे कष्टाचे असते. तो आधीच दारात असेल तर विंडोजलाच जोडलेला ठेवणे माझ्या मते शहाणपणाचे. नवा घेताना आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट येणारा, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा घ्या.

कागदाचा आकार ए४ करा. 'लेटर' राहिला तर प्रिंटर दिवा लुकलुकवत कागदाची वाट पाहत बसतो आणि सगळे नेटवर्कला दोष देतात.

लेझर प्रिंटर वाटताना: साम्बातून ड्रायव्हर वाटण्याच्या भानगडीत छोट्या कचेरीने पडू नये. २०२१ च्या प्रिंटनाइटमेअर दोषानंतर विंडोजने सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवायला ॲडमिनची परवानगी सक्तीची केली, त्यामुळे साधा युजर तिथे अडतो. त्याऐवजी कप्सची स्वतःची वाट घ्या:

सुडो कप्ससीटीएल --शेअर-प्रिंटर्स

फायरवॉलमध्ये टीसीपी ६३१ फक्त आतल्या नेटवर्कसाठी उघडा. विंडोजवर 'प्रिंटर जोडा' मध्ये नावाने निवडण्याचा पर्याय घेऊन एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:६३१/प्रिंटर्स/ आणि पुढे कप्समधले रांगेचे नाव लिहा. ड्रायव्हर म्हणून मायक्रोसॉफ्टचा आयपीपी क्लास ड्रायव्हर निवडा, तो नसेल तर साधा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर. आयपीऐवजी सर्व्हरचे नाव वापरले तर 'बॅड रिक्वेस्ट' येऊ शकते. कप्सच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरएलियस' दिल्याशिवाय ते अनोळखी नावाने आलेली मागणी घेत नाही. मॅक आणि अँड्रॉइड फोनना हा प्रिंटर बहुधा आपोआप सापडतो, त्यासाठी सर्व्हरवर अवाही ही सेवा चालू हवी.

डॉट मॅट्रिक्ससाठी साम्बाच बरा. कप्समध्ये रांग 'रॉ' ठेवा, म्हणजे विंडोजने पाठवलेले जसेच्या तसे प्रिंटरला जाते. विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर आधी स्थानिक प्रिंटर म्हणून बसवा. पोर्ट विचारला की नवा 'लोकल पोर्ट' करून त्याचे नाव \\१९२.१६८.१.१०\ आणि पुढे रांगेचे नाव असे द्या. सलग कागद १० बाय १२ इंची असेल तर तोच आकार विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये नोंदवा, नाहीतर प्रत्येक बिलागणिक छपाई थोडी थोडी सरकत जाते.

इशारा: प्रिंटरच्या भाषेत रूपांतर एकाच ठिकाणी झाले पाहिजे. विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर आणि कप्सच्या रांगेतही ड्रायव्हर असे दोन्ही ठेवले की पानेच्या पाने विचित्र चिन्हांनी भरून निघतात.

तपासणी: मराठी मजकुराचे एक पान आणि एक खरे बिल असे दोन्ही छापून पाहा. सर्व्हरवर 'एलपीस्टॅट -टी' चालवल्यास अडकलेले काम दिसते.

## टप्पा ९: चालू झाल्यानंतर

शेअर म्हणजे बॅकअप नव्हे. एखाद्या विंडोज मशीनवर रॅन्समवेअर आला तर त्या युजरला जे जे लिहिता येते ते सगळे तो बदलून टाकतो, रिसायकलच्या फोल्डरसकट. बॅकअपची डिस्क वेगळी ठेवा आणि ती साम्बातून कधीच शेअर करू नका. रोज रात्री सर्व्हरवरूनच आरसिंकने (फाइलींची प्रत घेणारी कमांड) प्रत घ्या, आणि आठवड्यातून एक प्रत कारखान्याबाहेर, घरी न्या. महिन्याला एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहा.

सगळे बसल्यावर संध्याकाळी सगळ्यांना काम जतन करायला सांगा, सर्व्हर नीट बंद करा, मग यूपीएससकट मुख्य वीज बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. सर्व्हर आपोआप उठला पाहिजे, डिस्क माउंट झाली पाहिजे आणि प्रत्येक मशीनवरून शेअर उघडले पाहिजेत. विंडोज मशीन सर्व्हरच्या आधी चालू झाले तर ड्राइव्हवर लाल फुली दिसते. ड्राइव्ह एकदा उघडला की ती जाते, तेवढ्यासाठी काही बदलायची गरज नाही.

कुणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी 'सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -डी' आणि पुढे त्याचे युजरनाव अशी कमांड चालवा. त्याने साम्बातला युजर बंद होतो, पण आधीपासून जोडलेले सत्र तुटत नाही. 'सुडो एसएमबीस्टेटस' मध्ये त्याचे नाव दिसत असेल तर त्यासमोरच्या प्रक्रिया क्रमांकाला 'सुडो किल' द्या. लिनक्समधला युजर मात्र लगेच पुसू नका. त्याच्या फाइलींवर मालक म्हणून नुसता आकडा उरतो, आणि तोच आकडा पुढे नव्या माणसाला मिळाला तर जुन्या फाइली त्याच्या नावावर जातात. आधी त्या फाइलींची मालकी मालकांच्या युजरकडे द्या, मगच युजर काढा.